एसएसओ म्हणून पहिली नेमणूक आणि महिन्यावर आलेली तपासणी: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर म्हणून नुकतीच बढती मिळाली आहे आणि सोबत शिप सिक्युरिटी ऑफिसरची, म्हणजे एसएसओची जबाबदारी आली आहे. आधीच्या अधिकाऱ्याने तासाभरात हँडओव्हर उरकला आणि चार फायली हातात देऊन तो साइन ऑफ झाला. पुढचं बंदर युरोपात आहे आणि तिथे पोर्ट स्टेटवाले, म्हणजे त्या बंदराच्या देशाचे तपासणी अधिकारी, चढण्याची दाट शक्यता आहे. त्यानंतर काही दिवसांत आयएसएससीचं, म्हणजे जहाजाच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा प्रमाणपत्राचं, इंटरमीजिएट (मधल्या टप्प्यातलं) व्हेरिफिकेशन. सुरुवात कुठून करायची?

पहिले दोन दिवस त्या चार फायली कपाटातच राहू द्या. फक्त शिप सिक्युरिटी प्लॅन, म्हणजे एसएसपी, कॅप्टनकडून मागून घ्या, त्यांच्याच केबिनमध्ये बसून वाचा आणि मग जहाजभर फिरा. तपासणीत जहाजं अडकतात ती कागद नसल्यामुळे फार क्वचित. आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली, १ जुलै २००४ पासून लागू आहे. इतक्या वर्षांत प्रत्येक कंपनीने छापील फॉर्म भरपूर तयार केले आहेत. जहाज अडकतं ते दोन कागद एकमेकांशी किंवा कागद आणि डेक एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. ड्रिलच्या रेकॉर्डवर ज्याची सही आहे तो माणूस त्या दिवशी क्रू लिस्टवर नसतो. प्लॅनमध्ये कुलूपबंद म्हटलेलं दार सुतळीने बांधलेलं असतं. या विसंगती दुसऱ्या कोणी शोधण्याआधी स्वतः शोधायच्या, हेच तुमचं या महिन्याचं काम.

कोण काय पाहू शकतो

या दोन तपासण्या एक समजू नका. व्हेरिफिकेशनला येणारा ऑडिटर तुमच्या फ्लॅगच्या, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलं आहे त्याच्या, वतीने येतो; बहुतेक वेळा तो फ्लॅगने नेमलेल्या मान्यताप्राप्त संस्थेचा, म्हणजे क्लासचाच माणूस असतो. त्याला एसएसपी पूर्ण पाहता येतो, तो पाहणारच. आयएसएससी जास्तीत जास्त ५ वर्षांचं असतं आणि इंटरमीजिएट दुसऱ्या व तिसऱ्या वार्षिक तारखेच्या मधल्या काळात व्हावं लागतं. ती मुदत हुकली तर प्रमाणपत्राची वैधताच जाते, म्हणून सर्टिफिकेटवरची तारीख स्वतः वाचा. ऑफिसच्या ईमेलवर विसंबू नका.

पोर्ट स्टेटचा अधिकारी वेगळा. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अध्याय ११-२ च्या नियम ९ प्रमाणे त्याने आधी वैध आयएसएससी आहे का एवढंच पाहायचं असतं. पुढे जायला त्याला ‘क्लिअर ग्राउंड्स’, म्हणजे ठोस कारणं, लागतात. पण ही क्लिअर ग्राउंड्स बहुधा आपणच त्याला देतो: गँगवेवर (जहाजावर चढायच्या जिन्यावर) कोणी नाही, क्रूला एसएसओचं नाव माहीत नाही, कोड न पाळणाऱ्या बंदरातून स्टोअर्स चढवले आणि त्याची कुठेच नोंद नाही, एकामागून एक इंटरिम आयएसएससी घेतलेली. क्लिअर ग्राउंड्स सापडली तरी त्याला सगळा प्लॅन वाचता येत नाही. ज्या बाबतीत त्रुटी दिसते तेवढाच भाग, आणि तोही कॅप्टनच्या किंवा फ्लॅगच्या संमतीने. काही भाग तर दोन्ही सरकारांची सहमती नसेल तर अजिबात दाखवायचे नाहीत. त्यात प्रतिबंधित क्षेत्रं आणि तिथली व्यवस्था, धोक्याला व लेव्हल ३ च्या (सुरक्षेच्या तीन पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या) आदेशांना द्यायचा प्रतिसाद, सुरक्षा कामं नेमून दिलेल्या माणसांची कर्तव्यं, उपकरणांच्या तपासणीच्या पद्धती आणि एसएसएएसची, म्हणजे गुपचूप धोक्याचा इशारा पाठवणाऱ्या यंत्रणेची, बटणं कुठे आहेत व ती कशी वापरायची हे सगळं येतं.

म्हणून कोणी सहज म्हणालं, ‘प्लॅन जरा दाखवा,’ तर नम्रपणे विचारा की क्लिअर ग्राउंड्स कोणती, कॅप्टनना बोलवा आणि सीएसओला, म्हणजे कंपनी सिक्युरिटी ऑफिसरला, फोन लावा. यात उद्धटपणा काही नाही. उलट तुम्ही मुकाट्याने प्लॅन पुढे केला तर गोपनीयता तुम्हाला कळत नाही, असा निष्कर्ष तो काढू शकतो. हाच प्लॅन ब्रिजच्या शेल्फवर किंवा कार्गो ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर कोणालाही उघडता येईल अशा फोल्डरमध्ये पडलेला असणं, ही चूक आजही आढळते. पहिल्याच फेरीत ती तपासा. स्कॅन केलेली जुनी प्रत कोणाच्या डेस्कटॉपवर राहिली आहे का, तेही बघा.

गँगवेवरची पहिली पाच मिनिटं

निम्मी तपासणी इथेच होते. अधिकारी मुद्दाम ओळखपत्र न दाखवता सरळ चढतो. एबीने, म्हणजे तिथे पहाऱ्यावर असलेल्या खलाशाने, त्याला थांबवायला हवं, फोटो असलेलं ओळखपत्र पाहायला हवं, कामाचं कारण विचारायला हवं, ड्युटी ऑफिसरला रेडिओवर कळवायला हवं, नोंदवहीत नाव, संस्था आणि वेळ लिहून बॅज द्यायला हवा आणि कोणीतरी न्यायला येईपर्यंत तिथेच उभं करायला हवं. ओळखपत्र पाहून नंबर लिहून घ्यायचा. सरकारी अधिकाऱ्याचं कार्ड गहाण ठेवल्यासारखं स्वतःकडे ठेवायचं नाही. दाखवायला नकार दिला तर माणूस वर येणार नाही, आणि ही गोष्ट एसएसओला व बंदराच्या सिक्युरिटी ऑफिसरला कळवायची. समोरचा कितीही रागावला तरी एबीने नेमकं हेच करावं, आणि तसं केल्याबद्दल आपण त्याच्या पाठीशी आहोत हे त्याला आधीच सांगून ठेवा. बंदरातल्या साहेबाला अडवायची भीती हे ही तपासणी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

बल्क कॅरिअरची एक खास अडचण असते. लोडिंग वेगाने चालू असेल तर जहाज तासागणिक खाली बसतं, त्यात भरती-ओहोटी. दोर सैल-घट्ट करायला आणि गँगवे वरखाली करायला तोच एबी धावतो. ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालं आहे ते, वाचायला सर्व्हेयर आला की त्याच्यासोबत जाणाराही तोच. अशा वेळी गँगवे दहा मिनिटं रिकामा राहतो आणि अधिकारी नेमका तेव्हाच चढतो. यावर उपाय असा की दोरांसाठी वेगळा माणूस वॉच बिलमध्ये नावानिशी लिहा, आणि गँगवेवरचा माणूस रेडिओवर ‘बदली आली’ हे ऐकल्याशिवाय हलणार नाही असा हुकूम स्टँडिंग ऑर्डरमध्ये घाला. माणसं अपुरी असतील तर ते कॅप्टनशी आणि सीएसओशी आताच बोला. रोस्टर कागदावर सुंदर आणि डेकवर अशक्य असेल तर ते विश्रांतीच्या तासांच्या रेकॉर्डमध्ये उघडं पडणारच.

नोंदवहीत सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे बाहेर जाण्याची वेळ कोरी. वही उघडून बघा: मागच्या बंदरात चढलेले किती जण नोंदीप्रमाणे अजून जहाजावरच आहेत? बॅज मोजा. वीस बॅज होते आणि सतरा उरले असतील तर तीन कुठे गेले याची नोंद हवी आणि ते क्रमांक रद्द केलेले हवेत.

झडतीचं प्रमाण प्लॅनमध्ये ठरलेलं असतं. समजा लेव्हल १ ला दर दहातल्या एकाच्या सामानाची तपासणी असं लिहिलं असेल, तर नोंदवहीत ते तसं दिसलं पाहिजे, कोणाचं सामान पाहिलं आणि कोणी पाहिलं यासकट. प्लॅनमध्ये दहा टक्के आणि वहीत एकही नोंद नाही, ही सरळ नॉन-कॉन्फॉर्मिटी. आणि एक गोष्ट नवे एसएसओ उत्साहात विसरतात: ठोस कारण असल्याशिवाय क्रूला आपल्याच सहकाऱ्यांची झडती घ्यायला लावू नये, असं कोडचा भाग ब सांगतो.

लेव्हलचा बोर्ड, ‘चढणाऱ्या प्रत्येकाची तपासणी होऊ शकते’ ही सूचना, संपर्काचे नंबर हे सगळं गँगवेवर असतंच. फक्त त्यावरचं एसएसओचं नाव तुमचं आहे ना बघा. साइन ऑफ झालेल्या माणसाचं नाव बोर्डवर राहणं हास्यास्पद वाटतं, पण ते घडतं.

कुलपं, आणि कुलपांचा अतिरेक

प्रतिबंधित क्षेत्रांची यादी प्लॅनमधून घ्या आणि एका दुपारी बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, बरोबर घेऊन प्रत्येक दारापाशी जा. ब्रिज, इंजिन रूम, स्टिअरिंग गिअर रूम, वातानुकूलनाची यंत्रणा, पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांकडे जाणाऱ्या जागा, इमर्जन्सी जनरेटर रूम, स्टोअर्स. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहा: पाटी आहे का, कुलूप चालतं का, आणि आत अडकलेला माणूस चावीशिवाय बाहेर पडू शकतो का.

तिसऱ्या मुद्द्यावर जहाजं हकनाक डिटेन्शनपर्यंत, म्हणजे बंदरात अडकवून ठेवली जाण्यापर्यंत, जातात. सुरक्षेच्या नावाखाली इंजिन रूमच्या किंवा स्टिअरिंग गिअरच्या इमर्जन्सी एस्केपला बाहेरून पॅडलॉक मारलं की एक आयएसपीएसचा मुद्दा वाचतो आणि सोलासचा त्याहून मोठा उभा राहतो. बाहेरून उघडू नये पण आतून हाताने उघडावं, अशी कडी किंवा बोल्टच तिथे हवा. इंजिन रूमच्या फिटरला सांगितलं तर तो एका दिवसात करून देतो. जिथे कुलूप लावणं शक्य नाही तिथे क्रमांकाचं सील चालतं, पण मग सीलचा क्रमांक, लावल्याची वेळ आणि तोडल्याचं कारण लिहिलेलं हवं. सीलचा क्रमांक नोंदीशी जुळला नाही तर सील न लावण्यापेक्षाही वाईट दिसतं. कार्बन डायऑक्साइड रूम आणि आगीशी लढण्याच्या जागांच्या चाव्या आणीबाणीत लगेच मिळतील अशाच ठेवा. मास्टर की किती आहेत आणि कोणाकडे आहेत याची यादी बहुधा जुनी असते. ती नव्याने करा आणि प्रत्येकाची सही घ्या.

रात्री एकदा बंदरात जेटीवर उतरून जहाजाकडे बघा. समुद्राकडच्या बाजूला उजेड आहे का, पायलट लॅडर लटकत राहिली आहे का, हॉजपाइपची (नांगराची साखळी जिथून जाते त्या नळीची) झाकणं बसवली आहेत का, हे वरून कळत नाही.

रेकॉर्ड

आता फायली उघडा. पण फायलीतले कागद एकटे वाचायचे नाहीत. प्रत्येक सुरक्षा नोंदीसमोर दुसरा एखादा कागद ठेवायचा.

ड्रिल: निदान दर ३ महिन्यांनी एक. शिवाय एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त क्रू बदलला आणि नव्यांनी त्या जहाजावर मागच्या ३ महिन्यांत ड्रिल केलेलं नसेल, तर बदलाच्या तारखेपासून एका आठवड्यात ड्रिल. २१ जणांच्या क्रूमध्ये ६ बदलले की हा नियम लागतो. क्रू चेंज मोठ्या बंदरात होतो, त्यानंतरचा आठवडा कामाचा असतो, म्हणून नेमकं हेच ड्रिल राहून जातं. हे आकडे कोडच्या भाग ब मधले, म्हणजे मार्गदर्शनपर आहेत, असा युक्तिवाद कोणी केला तर युरोपात तो चालत नाही: युरोपीय संघाच्या ७२५/२००४ या नियमाने ड्रिल आणि एक्सरसाइजच्या वारंवारितेचे परिच्छेद बंधनकारक केले आहेत.

एक्सरसाइज वेगळी. ती कंपनी, जहाज आणि शक्य तिथे बंदर किंवा सरकारी यंत्रणा मिळून करतात. प्रत्येक कॅलेंडर वर्षात एक, आणि दोहोंमध्ये १८ महिन्यांहून जास्त अंतर नको. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक आणि डिसेंबर २०२५ मध्ये दुसरी झाली, तर वर्ष चुकलं नाही, पण अंतर २२ महिने झालं. ऑफिसच्या एक्सरसाइजचा अहवाल जहाजावर आलेला नसतो. सीएसओकडून मागवून घ्या.

आता मागच्या दोन वर्षांचं प्रत्येक ड्रिल रेकॉर्ड चार गोष्टींशी ताडून पाहा: त्या दिवसाची क्रू लिस्ट, डेक लॉगबुक, विश्रांतीचे तास आणि जहाजाची जागा. ड्रिल १४०० ला आणि त्याच वेळी सेकंड ऑफिसर विश्रांतीत, हे तर इतकं सर्रास सापडतं की अनुभवी ऑडिटर ड्रिलची फाइल हातात घेण्याआधी विश्रांतीचं रेकॉर्डच मागतो. तीच गोष्ट ड्रिलच्या वेळी जहाज पायलटच्या हवाली असण्याची. अशी जुनी विसंगती सापडली तर ती खोडू नका, मागची तारीख घालून नवा कागद करू नका. ‘पुनरावलोकनात आढळलं’ असं आजच्या तारखेने लिहा, सीएसओला कळवा आणि ड्रिल आज घ्या. आपणच शोधलेली त्रुटी ही ऑडिटरच्या दृष्टीने यंत्रणा चालत असल्याची खूण असते. बनावट नोंद पकडली गेली तर मात्र तुमचं करिअर पणाला लागतं.

ड्रिल काय घेतलं यालाही महत्त्व आहे. आठपैकी आठ वेळा ‘बॉम्ब सर्च, समाधानकारक’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. विषय बदला: गँगवेवर जबरदस्तीने घुसणारा माणूस, लपलेला प्रवासी, स्टोअर्ससोबत आलेलं अनोळखी खोकं, लेव्हल १ वरून २ वर जाणं, जहाजाच्या नेटवर्कवर संशयास्पद मेल. सर्च ड्रिल करताना खरंच काहीतरी लपवा, फक्त कॅप्टनना जागा सांगा आणि घड्याळ लावा. नोंद अशी हवी: किती वाजता सुरू, कोणत्या टीमने कोणता भाग पाहिला, वस्तू किती मिनिटांत सापडली, काय सुटलं, पुढच्या वेळी काय बदलणार. ‘फनेलच्या डेकवर कोणाला पाठवायचंच राहिलं, सर्च प्लॅनमध्ये जागा वाढवली’ अशी एक ओळ दहा ‘समाधानकारक’ना भारी पडते.

बाकी रेकॉर्डमध्ये प्लॅनचं आणि असेसमेंटचं पुनरावलोकन, अंतर्गत ऑडिट, लेव्हलमधले बदल, घटना, उपकरणांची देखभाल हे सगळं येतं. रेकॉर्ड जहाजाच्या कामकाजाच्या भाषेत असतात. ती भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश नसेल तर यांपैकी एका भाषेत भाषांतर लागतं. आपल्याकडे कामकाजाची भाषा इंग्रजीच असल्याने ही अडचण येत नाही.

मागची दहा बंदरं

युरोपीय बंदराला किमान २४ तास आधी सुरक्षा माहिती जाते. तीत मागच्या १० पोर्ट फॅसिलिटींची यादी, तिथली लेव्हल आणि घेतलेली खास खबरदारी असते. हा फॉर्म एजंटच्या नमुन्यात बहुधा कॅप्टन किंवा थर्ड ऑफिसर भरतो आणि मागच्या वेळचा कॉपी-पेस्ट होतो. त्या यादीतली प्रत्येक ओळ लॉगबुकशी आणि डिक्लरेशन ऑफ सिक्युरिटीच्या फाइलशी जुळवा. तारखा जहाजाच्या वेळेत आहेत की यूटीसीमध्ये, ते एकच ठरवा. बंदराच्या लेव्हलपेक्षा जहाजाची लेव्हल कधीही कमी असू शकत नाही. यादीत बंदर २ आणि जहाज १ असं दिसलं तर एक तर टायपिंगची चूक आहे किंवा खरंच गंभीर गोष्ट आहे, आणि दोन्हींचं स्पष्टीकरण तुमच्याकडे तयार हवं.

डिक्लरेशन ऑफ सिक्युरिटी, म्हणजे डीओएस, कधी मागायचं? जहाजाची लेव्हल बंदरापेक्षा वरची असेल, बंदराला मान्य सुरक्षा आराखडाच नसेल, किंवा कोड लागू नसलेल्या जहाजाशी मधसमुद्रात माल-बदल होत असेल तेव्हा. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लहान जेटींवर बंदराकडून कोणी सही करायला येत नाही. तसं झालं तर तुम्ही डीओएस मागितल्याची ईमेल, उत्तर न आल्याची नोंद, आणि स्वतः काय जादा उपाय केले (दुहेरी गँगवे वॉच, रात्रीची डेक फेरी, निघण्याआधीची झडती) हे लॉगबुकमध्ये लिहा. पुढच्या दहा बंदरांपर्यंत हा प्रश्न तुमचा पाठलाग करणार आहे.

याच जोडीला सोलासच्या त्याच अध्यायातल्या नियम ५ चा कागद पाहा: क्रू कोण नेमतं, जहाज कोणत्या कामावर लावायचं हे कोण ठरवतं, चार्टरर कोण. ही माहिती कॅप्टनकडे नेहमी तयार असावी लागते. चार्टरर दोनदा बदललेला असतो आणि कागद जुनाच असतो. कंटिन्युअस सिनॉप्सिस रेकॉर्डचे, म्हणजे जहाजाचे नाव, मालक, फ्लॅग यांतल्या बदलांच्या सलग नोंदीचे, क्रमांक सलग आहेत का, मधला एखादा गहाळ आहे का, आणि त्यावरची मालक व व्यवस्थापकांची नावं इतर सर्टिफिकेटांशी जुळतात का, हेही दहा मिनिटांत होतं. जहाजाचा आयएमओ क्रमांक बाहेर किमान २०० मिलिमीटर उंचीचा आणि आत किमान १०० मिलिमीटरचा कायमस्वरूपी कोरलेला असतो; रंगकामात क्रमांक आसपासच्या रंगाखाली गाडला गेला असेल तर त्याला उठून दिसेल असा वेगळा रंग लावून घ्या.

एसएसएएस

शिप सिक्युरिटी अलर्ट सिस्टिमला किमान दोन बटणं असतात, एक ब्रिजवर आणि एक तरी अन्यत्र. दाबल्यावर जहाजावर कुठेही आवाज किंवा दिवा होता कामा नये, संदेश फक्त किनाऱ्यावर जायला हवा आणि रीसेट करेपर्यंत जात राहायला हवा.

चाचणीचा क्रम असा ठेवा. फ्लॅगला आणि सीएसओला आधी लेखी कळवा, वेळ यूटीसीमध्ये. काही फ्लॅगचा वेगळा फॉर्म असतो. तुमच्या बनावटीच्या टर्मिनलवर टेस्ट मोड असेल तर तो लावा. बटण दाबा. किनाऱ्यावरून पोच आली की तिचा मजकूर वाचा, फक्त ‘मिळाला’ या शब्दावर समाधान मानू नका. जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक, एमएमएसआय (जहाजाचा रेडिओ ओळख क्रमांक) आणि वेळ बरोबर आहे का, आणि पोझिशन जीपीएसशी जुळते का? मग रीसेट करा आणि आणखी संदेश गेला नाही याची सीएसओकडून खात्री करून घ्या. टेस्ट मोड काढायला विसरू नका. तो तसाच राहिला तर खरा अलर्टही चाचणी समजला जाईल. पुढच्या खेपेला दुसरं बटण. वर्षानुवर्षं ब्रिजवरचंच बटण तपासलं जातं आणि दुसऱ्याची तार कधीच तुटलेली असते.

बिघाड बहुतेक वेळा यंत्रात नसतो. नाव किंवा फ्लॅग बदललं पण टर्मिनलमध्ये जुना एमएमएसआय राहिला. अलर्ट ज्या ईमेलवर जातो तो सीएसओ नोकरी सोडून गेला. हे दोन प्रकार सगळ्यात जास्त. सीएसओचा चोवीस तासांचा नंबर एकदा रात्री जहाजाच्या सॅटेलाइट फोनवरून लावून पाहा. त्यांना आधी कल्पना देऊ नका.

क्रूला काय विचारतात

कुक, ऑइलर, कॅडेट यांना. एसएसओ कोण? आत्ता लेव्हल कोणती? अ‍ॅलिवेत, म्हणजे केबिनमधल्या बोळात, अनोळखी माणूस दिसला तर काय करशील? बेवारस पिशवी दिसली तर? लेव्हल २ झाली तर तुझं काम काय? उत्तर मोडक्या इंग्रजीत चालतं. ‘नॉट टच, टेल ड्युटी ऑफिसर’ एवढं पुरेसं आहे. रत्नागिरीचा असो की मनिलाचा, पाठ करून घेतलेलं वाक्य तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतं. त्यामुळे लेक्चर घेण्याऐवजी सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये रोज एक प्रश्न, दोन मिनिटं, एवढंच करा. महिन्यात सगळ्यांची तयारी होते. सगळ्यांची एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची, सुरक्षा प्रमाणपत्रं पाहा: ज्यांना सुरक्षा ड्युटी दिली आहे त्यांच्याकडे एसटीएसडीएसडी, म्हणजे नेमून दिलेल्या सुरक्षा कामाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हवं, नुसतं अवेअरनेस पुरत नाही. गँगवे वॉच ही सुरक्षा ड्युटीच आहे, त्यामुळे रोस्टरवरच्या प्रत्येक नावासमोर प्रमाणपत्र तपासा. तुमचं स्वतःचं एसएसओ प्रमाणपत्रही मूळ प्रत हाताशी ठेवा.

निघण्याआधीची झडती

लपलेल्या प्रवाशांसाठीची झडती कागदावर वीस मिनिटांत उरकलेली दिसते. मोठ्या बल्क कॅरिअरवर ते शक्य नाही. होल्ड, हॅच कोमिंगच्या खालच्या मोकळ्या जागा, क्रेनच्या केबिन, चेन लॉकर, फोक्सल, फनेल, लाइफबोट, व्हेंटिलेटर: दोघादोघांच्या टीम, प्रत्येकाला ठरलेला भाग, सुरू आणि संपल्याची वेळ, सही. पाहिलेली जागा लगेच बंद किंवा सील करायची, नाहीतर माणूस मागून तिथेच शिरतो. बॅलास्टमध्ये, म्हणजे मालाशिवाय, असाल तर रडर ट्रंक (सुकाणूच्या दांड्याभोवतीची पोकळी) विसरू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये लागोसहून लास पाल्मासला आलेल्या टँकरच्या रडरवर तिघे जण बसून ११ दिवसांचा प्रवास करून आले होते. ट्रंकचं तोंड जाळीने बंद करून घेता येतं. त्याआधी बोटीतून पाहणी हाच मार्ग. दक्षिण अमेरिकेतून निघताना सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेण्याच्या जहाजाच्या तळाकडच्या कप्प्याच्या) जाळीआड अमली पदार्थ लपवण्याचे प्रकार होतात. एजंटमार्फत पाणबुड्यांची तपासणी मागवायची की नाही हे सीएसओने ठरवायचं, पण विचारणा तुम्ही करायची आणि ती लेखी.

चाच्यांचा भाग तुमच्या मार्गावर अवलंबून आहे, म्हणून थोडक्यात. सोमाली चाच्यांचे हल्ले थांबल्यामुळे हिंदी महासागरातलं हाय रिस्क एरिया १ जानेवारी २०२३ पासून काढून टाकलं गेलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात रुएन हे बल्क कॅरिअर पळवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने १७ जणांच्या क्रूला सोडवलं आणि ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. जानेवारी २०२४ मध्ये लीला नॉरफोकवर चाचे चढले तेव्हा २१ जणांचा क्रू, त्यातले १५ भारतीय, सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद होणाऱ्या सुरक्षित खोलीत, गेला. आयएनएस चेन्नईवरचे मार्कोस कमांडो मग निर्धास्तपणे जहाजावर उतरू शकले. सिटाडेलचा उपयोग होण्याच्या अटी कडक आहेत: शेवटचा माणूससुद्धा आत हवा, बाहेरच्या जगाशी दुहेरी संपर्क हवा (फक्त व्हीएचएफ नव्हे), आणि चाच्यांना प्रोपल्शन वापरता येता कामा नये. सॅटेलाइट फोनचा अँटेना आत बसून चालतो का, हे दार बंद करून तपासा. अनेकदा चालत नाही. रेझर वायर लावत असाल तर ७३० किंवा ९८० मिलिमीटर व्यासाची, कठड्याबाहेर झुकलेली आणि पक्की बांधलेली. मार्गदर्शन म्हणून मार्च २०२५ मधलं बीएमपी मेरीटाइम सिक्युरिटी (जहाज उद्योगाची मार्गदर्शक पुस्तिका) जहाजावर हवं. ब्रिजवर अजून बीएमपी ५ च असेल तर बदला.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यासोबत तुम्ही स्वतः राहा, कॅडेटला पाठवू नका. विचारलं तेवढंच उत्तर द्या. एखादी गोष्ट तिथल्या तिथे सुधारता येत असेल, जसं पाटी, कुलूप, बोर्डवरचं नाव, तर तो जहाजावर असतानाच सुधारा आणि दाखवा. पुष्कळदा नोंद तिथेच बंद होते. अहवालावर सही करण्याआधी त्रुटीचं वर्णन वाचा. ‘ॲक्सेस कंट्रोल नाही’ आणि ‘एका भेटकऱ्याची बाहेर जाण्याची वेळ नोंदलेली नाही’ यात डिटेन्शनइतका फरक आहे, आणि शब्दरचना बदलण्याची विनंती तेव्हाच करता येते, नंतर नाही. पॅरिस एमओयूचा, म्हणजे युरोपातल्या पोर्ट स्टेट तपासणीच्या कराराखालचा, अहवाल २ वर्षे जहाजावर ठेवावा लागतो. व्हेरिफिकेशनला येणारा ऑडिटर तोच अहवाल आधी मागेल आणि प्रत्येक मुद्द्यावर काय केलं ते विचारेल, म्हणून पोर्ट स्टेटचा माणूस उतरल्यावर त्याच संध्याकाळी सीएसओला अहवाल, कारण आणि सुधारणेची तारीख पाठवा. जे तुमच्या हातात नाही, म्हणजे नवा कॅमेरा, एसएसएएसचा सुटा भाग, रिकाम्या जागी माणूस, त्याची मागणी आणि ऑफिसचं उत्तर छापून फाइलला लावा. उत्तर आलेलं नसेल तर स्मरणपत्राची प्रतही.